मनगटापुरतें घड्याळ

(नभोवाणीवरील भाषण)



डोंबिवलीच्या फलाटावर सकाळीं उभ्या असलेल्या माणसाला किती वाजले म्हणून विचारलें, तर तो "सव्वासहा होऊन गेले" असें सांगत नाहीं. "सहा अठरा" असें सांगतो. ठाणें, डोंबिवली आणि कल्याण येथील संसारांतून पाव तास आणि अर्धा तास हीं ऐसपैस मापें केव्हांच हद्दपार झालीं आहेत. गाडीचें नांवच तिच्या मिनिटावरून पडतें. 'आठ सतरा' ही नुसती वेळ नव्हे, ती एक फिरती वसाहत आहे. तिच्या ठरलेल्या डब्यांत ठरलेलीं माणसें भेटतात, भजनें होतात, भाज्या निवडल्या जातात, मुलामुलींचीं स्थळें सुचविलीं जातात. ती मिनिटभरानें चुकली म्हणजे दिवसाची सोबतच बदलते, आणि कचेरींतल्या हजेरीच्या यंत्रावर आंगठा उशिरां टेकतो तें निराळेंच.

अशा गांवांत मनगटावरील घड्याळ छत्री आणि जेवणाचा डबा यांच्या पंक्तीला बसतें. परंतु मौज अशी कीं, छत्री घेतांना ती चार वेळां उघडून मिटून पाहणारा आणि डबा घेतांना त्यांत पोळ्या किती मावतील याचा अंदाज घेणारा गृहस्थ घड्याळाच्या दुकानांत मात्र तबकडीच्या चकाकीवर भुलतो. घरीं आल्यावर तें घड्याळ जड लागतें, रुततें, बाहीला अडतें; आणि महिन्याभरांत कपाटांतल्या डब्यांत जाऊन पडतें. ज्या घरांत असें एखादें निवृत्त घड्याळ नाहीं तें घर विरळाच.

ठाण्याला मिनिटाची ओळख करून दिली ती आगगाडीनें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली उतारूंची पहिली गाडी २१ मैलांचा प्रवास करून ठाण्यास आली, आणि १ मे १८५४ रोजीं ती वाट कल्याणपर्यंत खुली झाली. त्यापूर्वीं लग्नाचा मुहूर्त साधावयाचा तर पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तळाला बारीक भोंक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवीत. ती भरून बुडाली कीं एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटें. तेवढ्या अवधीच्या पोटांत काय काय घडलें याची चौकशी करण्याचें कोणाला कारण नव्हतें. आज तेवढ्या वेळांत डोंबिवलीहून जलद गाडीनें निघालेला मनुष्य ठाण्यास उतरून पुलाच्या पायऱ्या चढत असतो.

पुढें वेळेचीच दोन घराणीं झालीं. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढें ४ तास ५१ मिनिटें. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाड्या चालत त्या मद्रासच्या वेळेनें, म्हणजे ५ तास २१ मिनिटांच्या हिशेबानें. कल्याणहून मुंबईस जाणाऱ्या उतारूला गाडी पकडतांना एक वेळ आणि बाजारांत शिरतांना दुसरी, अशी अर्ध्या तासाची वजाबाकी मनांतल्या मनांत करावी लागे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपांच तासांची प्रमाण वेळ लागू झाली, तरी मुंबईच्या महापालिकेनें आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. त्या शहरांत इतकीं वर्षें ३९ मिनिटांचें अंतर राखून दोन वेळा नांदल्या. घड्याळ बरोबर आहे काय, या प्रश्नाला तेव्हां 'कोणाच्या हिशेबानें?' असा उलट प्रश्न करणें मुळींच उद्धटपणाचें नव्हतें.

त्या काळचें घड्याळ कोटाच्या खिशांत साखळीला बांधलेलें असे. मनगटावर घड्याळ बांधणें हा युरोपांत बायकांचा शृंगार समजला जाई. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत खंदकांतल्या शिपायाला खिशांत हात घालून घड्याळ काढण्याची सवड सांपडेना, तेव्हां तें मनगटावर आलें आणि तेथेंच राहिलें. ही हकीकत येथें सांगण्याचें कारण असें कीं, "मोबाइल असतांना घड्याळ हवें कशाला?" हा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. मोबाइल म्हणजे शंभर वर्षांनीं परत आलेलें खिशांतलें घड्याळच होय. मुंब्र्याच्या आसपास, एक हात वरच्या कडीला आणि दुसरा हात पर्सेवर, अशा अवस्थेंत ज्यानें वेळ पाहण्यासाठीं मोबाइल काढून पाहिला असेल त्याला खंदकांतल्या शिपायाची अडचण समजावून सांगावी लागणार नाहीं. दाराशीं उभें राहून हातांतला मोबाइल रुळांत गमावलेलीं माणसें तर प्रत्येक डब्यांत भेटतात. मनगटावर नुसती नजर टाकतां येते. त्यासाठीं हात मोकळा लागत नाहीं.

डोंबिवलींतील एका घरीं घड्याळाच्या खरेदीवरून जें घडलें तें या विषयाला फार जवळचें आहे.

त्या घरची मुलगी परिचारिकेची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि ठाण्याच्या एका रुग्णालयांत नोकरीस लागली. सकाळची पाळी सातची. कामाच्या वेळीं मोबाइल कुलुपांत ठेवावयाचा असा तेथें नियम. खोलींतलें भिंतीवरचें घड्याळ खांबाआड. रोग्याची नाडी मोजतांना मान वांकडी केल्याशिवाय सेकंदकांटा दिसत नसे. पहिल्याच आठवड्यांत एका वृद्ध रोग्याची नाडी तिनें मोजून लिहिली, ती वरिष्ठ परिचारिकेनें पुन्हां मोजली तों दहा ठोक्यांचा फरक निघाला. रोग्याला हृदयाचें औषध चालू होतें, आणि तें द्यावयाचें कीं थांबावयाचें हें नाडीच्या आंकड्यावर ठरणार होतें. वरिष्ठ बाई रागावल्या नाहींत. "उद्यां येतांना सेकंदकांट्याचें घड्याळ असूं दे," एवढेंच त्या म्हणाल्या. मुलगी त्या रात्रीं नीट जेवली नाहीं.

घरांत घड्याळें नव्हतीं असें नाहीं, दोन होतीं. एक मामांनीं ती उत्तीर्ण झाली तेव्हां हौसेनें आणून दिलेलें. तबकडीचा व्यास ४४ मिलिमीटर, जाडी तेरा, सोनेरी साखळी, आणि मोठ्या तबकडीच्या आंत तीन लहान तबकड्या, ज्यांचा उपयोग मामांनाही सांगतां आला नाहीं. दुसरें बाबांचें. बाबा मुंबईच्या एका कचेरींत तेहेतीस वर्षें जाऊन येऊन निवृत्त झालेले. त्यांचें घड्याळ एचएमटीचें 'जनता'.

'जनता' म्हटलें कीं पन्नाशीपुढच्या श्रोत्यांना कांहीं सांगावयास नको. १९६१ सालीं बंगळूर येथें हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें मनगटी घड्याळें करण्यास आरंभ केला, आणि परदेशी घड्याळाचा मोह ज्याला परवडत नसे त्याच्या हातावर स्वदेशी घड्याळ आलें. नोकरी लागली कीं एचएमटी, लग्न ठरलें कीं एचएमटी, असा तो काळ होता. 'जनता'ची तबकडी सुमारें ३५ मिलिमीटरांची. कोणा पुरुषाला ती लहान वाटली नाहीं. त्याहीपूर्वींचीं पुरुषांचीं घड्याळें तर पुष्कळदां त्याहून लहान असत. वाटीएवढी तबकडी ही गेल्या पंचवीसएक वर्षांतील आवड आहे. लहान घड्याळ म्हणजे बायकी घड्याळ ही समजूतही तितकीच अलीकडची. एचएमटीचा हा घड्याळांचा धंदा आटोपता घेण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१६ सालीं केला. तेव्हांपासून जुन्या 'जनता'ला मागणी फार वाढली, आणि मागणीबरोबर लबाडीही. जुन्या यंत्रावर नवा रंग दिलेली तबकडी बसवून 'न वापरलेलें जुनें घड्याळ' म्हणून विकण्याचा उद्योग चालतो. तबकडीवरचीं अक्षरें फुगीर किंवा वांकडीं दिसलीं, अथवा तबकडी कोरी करकरीत आणि पाठीमागचें झांकण ओरखड्यांनीं भरलेलें असलें, तर समजून घ्यावें. स्वस्तांत मिळतें म्हणून असल्या मालाच्या मागें लागूं नये; हौस असेल तर गोष्ट वेगळी.

त्या रात्रीं बाबांनीं आपलें 'जनता' काढून मुलीच्या पुढें ठेवलें. "हें घे. तेहेतीस वर्षांत माझी गाडी यानें चुकविली नाहीं," असें ते म्हणाले. मुलगी लगेच कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें तें हातांत घातलें, आणि संध्याकाळीं परत आणून बाबांच्या हातीं दिलें. "बाबा, दिवसांत पन्नास वेळां हात धुवावे लागतात. याच्या आंत पाणी जाईल. पट्टाही चामड्याचा. आणि काढून कोठें ठेवलें नि हरवलें तर मला जन्मभर चैन पडणार नाहीं." बाबा "बरें" म्हणाले, परंतु त्यांना तें लागलें. आईच्या तें ध्यानांत आलें, मुलीच्याही आलें. दोन दिवस घड्याळाचा विषय घरांत कोणी काढला नाहीं.

येथें एका गैरसमजाचा उलगडा करावयास हवा. किल्लीचें घड्याळ दिवसाला अर्धें मिनिट मागें किंवा पुढें गेलें तर तें नाडी मोजण्यास निरुपयोगी, असें पुष्कळांना वाटतें. तें खरें नव्हे. दिवसाला अर्धें मिनिट म्हणजे मिनिटाला सेकंदाचा सुमारें पन्नासावा भाग. तेवढ्यांत नाडीचा एक ठोकाही इकडचा तिकडे होत नाहीं. अडचण येते ती गाडीच्या बाबतींत. रोज अर्धें मिनिट तर आठवड्याला साडेतीन मिनिटें, आणि साडेतीन मिनिटांत डोंबिवलीहून एक गाडी सुटून दुसरी येण्याच्या वाटेवर असते. बाबा रोज रात्रीं किल्ली देतांना कांटे जुळवीत, म्हणूनच त्यांची गाडी चुकली नाहीं. त्यांतलें अर्धें श्रेय घड्याळाचें, अर्धें त्यांचें.

सेलवर चालणाऱ्या घड्याळाला हा जाच नाहीं. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या सेइको कंपनीनें स्फटिकाच्या कंपनावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें, तेव्हां त्याची किंमत एका लहान मोटारीएवढी होती. आज तेंच तत्त्व शेदोनशें रुपयांच्या घड्याळांतही असतें. गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाचा एक चिमुकला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळां थरथरतो, आणि त्या थरथरण्याची मोजदाद करून कांटा सेकंदासेकंदानें पुढें सरकविला जातो. महिन्याला फार तर पंधरावीस सेकंदांची चूक. म्हणजे वेळेच्या अचूकपणासाठीं अधिक पैसे मोजण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं. पैसे मोजावयाचे ते पट्ट्याला, कांचेला, पाण्यापासूनच्या बंदोबस्ताला आणि वाचतां येईल अशा तबकडीला.

घराचा अबोला मोडला तो आजीनें. ती म्हणाली, "कासार हात दाबून पाहिल्याशिवाय बांगडी चढवीत नाहीं. मग घड्याळाचें माप कां नको?" आणि शिवणाच्या डब्यांतला दोरा घेऊन तिनें नातीच्या मनगटाला गुंडाळला. साडेचौदा सेंटिमीटर भरलें. परंतु आजीच्या दोऱ्यानें अर्धेंच काम झालें. मनगटाचा घेर पट्ट्याला उपयोगी पडतो. घड्याळाला उपयोगी पडते ती मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी. टेबलावर हात पालथा ठेवून फूटपट्टीनें ती मोजतां येते. मुलीची ती रुंदी ४६ मिलिमीटर निघाली. आतां घड्याळाचा व्यास मोजून भागत नाहीं. पट्टा जेथें अडकतो तीं वरचीं आणि खालचीं शिंगें धरून जी लांबी होते ती खरी लांबी. आणि ती या सपाटीपेक्षां चार-पांच मिलिमीटर तरी कमी असावी. मामांच्या घड्याळाची ती लांबी ५२ निघाली. मनगटाच्या दोन्हीं अंगांनीं तें बाहेर डोकावत होतें, आणि म्हणूनच तें दिवसभर डुगडुगत, फिरत, खाटेच्या दांड्यांवर आपटत असे. आजवर मुलगी बिचारी पट्टाच सैल असेल म्हणून साखळीच्या कड्या काढून आणीत होती.

जाडीचें तसेंच. २००२ सालीं होसूरच्या टायटन कारखान्यानें 'एज' नांवाचें घड्याळ काढलें. त्याचें यंत्र १.१५ मिलिमीटर जाड आणि सबंध घड्याळ साडेतीन मिलिमीटरांचें. पातळपणाची ती शर्थ आपल्या देशांत झाली याचा अभिमान वाटावा. पण रोजच्या कामाला इतकें पातळ घड्याळ लागत नाहीं, आणि पातळपणाची किंमत जबर पडते. सात-आठ मिलिमीटरांपर्यंतचें घड्याळ बाहीखालीं सुखानें सरकतें. दहाच्या पुढें गेलें कीं तें रबरी मोज्यांना, साडीच्या पदराला आणि डब्यांत शेजारच्या बाईच्या केसांना अडकूं लागतें.

रविवारीं सकाळीं मायलेकी फडके रस्त्यावर दुकानें पाहण्यास गेल्या, आणि दुपारीं गाडीनें ठाण्यास जाऊन गोखले रस्त्यावरही हिंडल्या. पैशांचा बेत दोन हजारांचा. पहिल्या दुकानांत दुकानदारानें "ताईंसाठीं लेडीज दाखवा" म्हणून गड्याला सांगितलें, आणि काउंटरवर जीं घड्याळें मांडलीं गेलीं तीं हरभऱ्याएवढ्या तबकडीचीं, खडे जडविलेलीं, आंकडे नसलेलीं, आणि सेकंदकांटा तर एकालाही नाहीं. बायकांच्या मनगटाला लहान घड्याळ हवें हें दुकानदाराला ठाऊक असतें. त्या बायकांना वेळही पाहावयाची असते हें मात्र घड्याळें करणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानांतच आलेलें दिसत नाहीं. दुसऱ्या दुकानांत याच्या उलट. पुरुषांच्या बाजूला गेल्यावर सगळा मोठ्या तबकड्यांचा बाजार. खरोखर उपयोगी माप म्हणजे २८ ते ३४ मिलिमीटर. आणि तें या दोन कपाटांच्या मधल्या फटींत, बहुधा खालच्या खणांत, शाळकरी मुलांच्या किंवा 'जुन्या पद्धतीच्या' घड्याळांत सांपडतें. तें मागून घ्यावें लागतें. दुकानदार होऊन दाखवीत नाहीं, कारण त्यांत नफा थोडा.

एका दुकानांत कॅसिओचें एफ-९१ डब्ल्यू हें आंकडी घड्याळ त्यांनीं बराच वेळ हाताळलें. १९८९ सालापासून तें आहे तसेंच निघत आलें आहे. वजन २१ ग्रॅम, जाडी साडेआठ मिलिमीटर, आणि एक सेल सुमारें सात वर्षें पुरतो. हलकें, सुटसुटीत आणि स्वस्त घड्याळ हवें असणाऱ्या विद्यार्थ्याला, फिरतीच्या माणसाला किंवा कारखान्यांतल्या कामगाराला याहून सोयीचें घड्याळ सुचविणें कठीण आहे. मुलीनें तें हातांत घालून दुकानांतच आईची नाडी मोजली, आणि मग कांट्याचें घड्याळ घालून पुन्हां मोजली. आंकडी घड्याळांत सतरा सेकंदांपासून आरंभ केला तर सत्तेचाळीस कधीं होतील याचा हिशेब आणि ठोक्यांची मोजणी, अशा दोन मोजण्या एकदम चालतात आणि एकमेकींत मिसळतात. कांटा मात्र नुसता समोरासमोर यावा लागतो. डोळा कांट्यावर आणि मन ठोक्यांवर राहतें. तीस सेकंदांचे ठोके मोजून दुप्पट करावे, आणि नाडी अनियमित वाटली तर पुरें मिनिट मोजावें, असें तिला शिकविलें होतें. पहिल्या आठवड्यांतली चूक कोठें झाली असावी हें तिला तेथें, त्या दुकानांत, आईचा हात हातांत असतांना उमगलें. तीस सेकंद पुरे झाले असें समजून तिनें खांबाआडच्या घड्याळावरची नजर अगोदरच काढली होती.

दुकानदार सज्जन होता. बाकीच्या गोष्टी त्यानेंच सांगितल्या. '३० मीटर' असें पाठीमागें कोरलेलें असलें तरी तें घड्याळ घालून तळ्यांत उतरावयाचें नसतें. तेवढ्यानें हात धुण्याचे शिंतोडे आणि पावसाची सर एवढेंच सोसतें. ५० मीटरांचें असेल तर अधिक निश्चिंत, आणि पोहावयाचें तर १०० मीटरांचें घ्यावें. चामड्याचा पट्टा आपल्याकडच्या पावसाळ्यांत कुजतो आणि घामानें त्याला वास येतो. साखळी जड, आणि स्वस्त साखळींतल्या निकेल धातूनें कित्येकांना खाज सुटते. मऊ रबरी किंवा नायलॉनचा पट्टा घ्यावा, पट्ट्याखालीं करंगळी सरकेल इतपतच आवळावा, कारण उन्हाळ्यांत दुपारीं हात थोडा सुजतो. किल्लीचें बोंड फार मोठें असेल तर हात मागें वांकविल्यावर तें पंजाच्या पाठीला टोंचतें. हें शेवटचें पाहण्यास तर कोणत्याही दुकानांत मज्जाव नसतो, तरी कोणी पाहत नाहीं. मुलीनें पाहिलें. गाडींतली कडी धरावी तसा हात वर धरून ती दुकानाच्या मधोमध दोन मिनिटें उभी राहिली. आई ओशाळली, पण दुसरें एक गिऱ्हाईकही मग आपला हात वर करून उभें राहिलें.

घेतलें तें घड्याळ असें: देशी बनावटीचें, सेलवर चालणारें, व्यास ३० मिलिमीटर, शिंगांसकट लांबी ३७, जाडी ७. पांढरी तबकडी, एक ते बारा सगळे आंकडे काळे आणि ठसठशीत, सेकंदकांटा तांबडा, काळा रबरी पट्टा. अंधारांत कांटे अंधुक चमकतात; पहांटे दिवा न लावतां वेळ कळतें, आणि निजलेली आजी जागी होत नाहीं. किंमत तेराशें चाळीस रुपये. उरलेल्या पैशांतून एक जादा पट्टा घेतला. कारण असल्या घड्याळांत यंत्र टिकतें आणि पट्टा आधीं तुटतो, आणि दोन वर्षांनीं त्या मापाचा पट्टा मिळेलच असें नाहीं. जें घड्याळ कंपनीच्याच खास पट्ट्याशिवाय चालत नाहीं तें स्वस्त असलें तरी पुढें महाग पडतें. सेलाचेंही विचारून घेतलें. ६२६ क्रमांकाचा सेल, जो कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडेही असतो. दोनतीन वर्षांनीं बदलावा लागेल. सेल संपल्यावर तो तसाच आंत राहूं देऊं नये. तो पाझरला कीं सगळें यंत्र खातो. मामांचें घड्याळ असेंच बंद पडून कपाटांत राहूं नये म्हणून त्याचा सेल काढून ठेवण्यास दुकानदारानें बजावलें.

रुग्णालयांत दुसऱ्या दिवशीं वरिष्ठ बाईंनीं तें हातांत घेऊन पाहिलें, आणि शस्त्रक्रियेच्या विभागांत काम लागलें तर मनगट मोकळें ठेवावें लागेल, तेव्हां तें छातीशीं टांचून लावण्याची सोय करून घे, असें सांगितलें. परिचारिकांच्या छातीवरचें तें घड्याळ उलटें टांगलेलें असतें. समोरच्याला तें उलटें दिसतें आणि घालणारीला सुलट. वेळ कोणी पाहावयाची याचा निवाडा त्यांत आपोआप झालेला असतो. दोन हजारांतले जे पैसे अजून शिल्लक होते त्यांतून शिंप्याकडून तशी एक छोटी पट्टी तिनें शिवून घेतली.

घरीं आल्यावर मुलीनें घड्याळाची पेटी आणि पावती बाबांच्या हातीं दिली. त्यांनीं चष्मा चढवून पावतीवरची तारीख वाचली आणि भिंतीवरच्या 'कालनिर्णया'च्या पानावर ती लिहून ठेवली. सेल कधीं बदलावयाचा तें कळावें म्हणून. मग ते म्हणाले, "आण इकडे, पाहूं बरोबर आहे का." त्यांनीं तें कानाशीं धरलें, कांहीं ऐकूं येईना म्हणून हंसले, आणि परत दिलें. रात्रीं नेहमींप्रमाणें 'जनता'ला किल्ली देण्याची वेळ झाली तेव्हां त्यांनीं मुलीला हांक मारली. पूर्वीं ते रात्रीं रेडिओच्या वेळेवर कांटे जुळवीत. त्या दिवसापासून ते तिला विचारतात, "किती झाले ग?" आणि ती मनगटाकडे पाहून सेकंदासकट सांगते.